अँब्रोज पेलीकडे आलेली सोंगं

“यंदाचं वादळ माझ्या दारावर टकटक करेल, आत डोकावेल आणि लाजून परत जाईल!”

बोटीचा जुना कप्तान, म्हणून गावाचा ‘स्किपर’, अँब्रोज पेली याने हे वाक्य नाताळच्या आदल्या रविवारी चर्चच्या पायरीवर, कॉब्लर्स आर्म या समुद्रकाठच्या बर्फाळ गावाच्या देखत उच्चारलं. मंडळी, माणसाने घरात काय वाटेल ते बोलावं, पण देवाच्या उंबऱ्यावर उभं राहून फुशारकी मारू नये. तिथलं बोलणं फार लवकर ऐकू जातं!

झालं होतं असं, की गावच्या अग्निशमन पथकाचा म्होरक्या एल्ड्रेड बर्सी वही घेऊन फिरत होता. पथक म्हणजे काय, आठ कोळी, एक सुतार आणि स्वतः एल्ड्रेड. वीज गेली की कुणाच्या घरी आधी धावायचं याची यादी तो करत होता.

“स्किपर, तुझं नाव सगळ्यात वर घालतो. वीज गेली की तासाभरात लिओनासाठी सिलिंडर घेऊन पोचतो.”

“खोड माझं नाव! माझ्याकडे जनरेटर आहे. यादीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना घाल.”

“तू एकाहत्तर वर्षांचा आहेस, स्किपर.”

“म्हणूनच सांगतोय. अनुभवाचे बोल आहेत!”

शेजारी त्याची बायको लिओना उभी होती. नाकात नळी, खांद्याला पिशवी, पिशवीत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. खेकड्याच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली, उकळत्या खेकड्यांची वाफ छातीत भरून घेतली आणि छातीने अखेर संप पुकारला. एके काळी चर्चमध्ये भजनाची पहिली ओळ तिने उचलल्याशिवाय बाकीच्यांची तोंडं उघडत नसत. आता ती नुसते ओठ हलवायची. पण काय सांगू, तिचे ओठ हलले तरी मागच्या बाकावरच्या माणसाला सूर सापडायचा!

घरी तिचा श्वास एका विजेच्या यंत्रावर चालायचा. वीज गेली की यंत्र बंद. मग उरायचा तो सिलिंडर. पुरवून वापरला तर सहा तास. या सहा तासांच्या पुढचा सगळा संसार अँब्रोजच्या जनरेटरवर होता.

आणि तयारी तर अशी केली होती, की वादळ आलं नसतं तर अँब्रोजने त्याला पत्र पाठवून बोलावलं असतं! न्हाणीचा टब पाण्याने भरलेला. ओसरीत लाकडं छतापर्यंत. खारवलेलं गोमांस, मटार, सुकी मासळी, तीन कंदील. परसातल्या लाकडी खोपीत जनरेटर, पेट्रोलचे चार डबे आणि खोरं. खोऱ्याच्या पात्याला त्याने मेणबत्ती घासून घासून असं गुळगुळीत केलं होतं, की बर्फ चिकटायची टाप नव्हती. ते खिळ्याला टांगून त्याने खोपीचं दार लावलं आणि दोन पावलं मागे सरून नवरीकडे बघावं तसं त्या दाराकडे बघितलं.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. हे लक्षात ठेवा. अँब्रोजने ठेवलं नाही.

नाताळच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं. टकटक वगैरे काही केलं नाही, एकदम गळाच धरला! चौथ्या दिवशी सकाळी दहाला दिवा एकदा लुकलुकला, दोनदा लुकलुकला आणि गेला. आतल्या खोलीतलं यंत्र एक लांब शिट्टी मारून गप्प झालं.

“आली माझी वेळ!” अँब्रोज टोपी चढवत म्हणाला. “सिलिंडर लाव आणि पडून राहा. दहा मिनिटांत जनरेटर सुरू!”

मागचं दार उघडून तो बाहेर पडला आणि तिथेच उभा राहिला. खोपी गायब! म्हणजे होती, पण तिचं छप्पर तेवढं दिसत होतं, बुडत्या माणसाच्या टोपीसारखं. दारावर खांद्याएवढं बर्फ. बर्फ काढायला खोरं हवं. खोरं खोपीत. खोपीत जायला बर्फ काढायला हवं. अँब्रोजने हा हिशोब तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

मग तो गुपचूप पाव भाजायचा पत्रा घेऊन आला. पत्रा वाकला. मग मोठ्या पातेल्याचं झाकण. ते वाऱ्याने हातातून हिसकावलं आणि थेट समुद्राकडे नेलं. शेवटी कचऱ्याची सुपली घेऊन एकाहत्तर वर्षांचा गडी त्या पांढऱ्या डोंगराशी झुंजू लागला. तो एक सुपली उपसायचा, वारा दोन सुपल्या टाकायचा.

तासातासाने तो आत यायचा. आतल्या खोलीत कंदील न्यायची सोय नव्हती, ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही. खिडकी बर्फाने बुजलेली. तिथे काळोखात लिओना पडलेली असायची.

“काय झालं?” ती विचारायची.

“झालंच! पेट्रोल जरा गारठलंय.”

पुढच्या खेपेला, “झालंच! दोरी ओढायची तेवढी राहिलीय.”

लिओना “बरं” म्हणायची. त्याच्या मिशीवरचा बर्फ, हातातली सुपली, सगळं तिला दाराच्या उजेडात दिसत होतं. तिने एका शब्दाने विचारलं नाही. तो बाहेर गेला की ती हळूच हात लांबवायची आणि सिलिंडरची चावी थोडी आवळायची, तो जास्त वेळ पुरावा म्हणून.

दोन वाजता फोन वाजला. अल्बर्टाहून मुलगी, शेरी.

“बाबा, वीज गेलीय ना? आईचं काय?”

“आई मजेत! जनरेटर नुसता गर्जतोय.”

“मला ऐकू येत नाही.”

“थांब, फोन त्याच्याजवळ नेतो.” असं म्हणून अँब्रोजने फोन हातभर लांब धरला आणि गाल फुगवून सुरू झाला, “घुर्रर्रर्रर्र... घुर्रर्रर्रर्र...”

आतल्या खोलीतून लिओनाचं हसू ऐकू आलं. हसता हसता तिला खोकला आला, आणि तो थांबेचना.

“बाबा,” शेरी थंड आवाजात म्हणाली, “हा जनरेटर मधेमधे श्वास घेतोय.”

“जुना आहे गं तो...”

“आणि आई खोकतेय. मी एल्ड्रेडकाकांना फोन करते.”

“खबरदार! माझी अब्रू...” पण फोनने तेवढ्यात मान टाकली. शेरीने एल्ड्रेडला फोन केला की नाही, हे अँब्रोजला कळलंच नाही. नाहीच केला असणार, असं त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं. माणसाला जे ऐकायचं नसतं, ते ऐकू न येण्याची कला देवाने प्रत्येकाला दिलेली आहे.

पावणेचार वाजता, काळोख दाटत असताना, दारावर दणके बसले.

आता तुम्हाला नाताळपासून पुढच्या बारा दिवसांची रीत सांगायला हवी. या दिवसांत तिकडे माणसं सोंगं घेऊन घरोघर जातात. तोंडावर फडकं, अंगात बायकोचा झगा नाहीतर नवऱ्याचा कोट, पाठीला उशी बांधून कुबड, पोटाला उशी बांधून गरोदरपण. आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास बाहेर सोडताना नाही, तर आत ओढताना बोलायचं. घरधन्याने ओळखावं कोण ते. ओळखलं की फडकं काढायचं आणि केक खायचा. तोवर नाचल्याशिवाय स्वयंपाकघराच्या पुढे पाऊल टाकायचं नाही!

अँब्रोजने दार उघडलं. दारात दोन आकृत्या. एकीच्या तोंडावर गुलाबी फुलांचा बायकी रुमाल, अंगात घोट्यापर्यंत मेणकापडी कोट आणि कोटाखाली हे एवढं पोट! दुसरी बुटकी, डोळ्यांवर मोठा चष्मा, बाकी सगळी लोकरीत गुंडाळलेली. दोघांच्या अंगावर बर्फाचा लेप.

“सोंगं!” अँब्रोज ओरडला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला. अशा हवेत सोंगं निघाली, म्हणजे वादळ काही खास नाही! आणि गावभर जीभ सैल सोडणाऱ्या सोंगांना आपल्या घरातली अडचण दिसता कामा नये, हेही त्याच क्षणी त्याच्या मनात आलं. “या, या! लिओना, सोंगं आली गं!”

पोटवाली आकृती धापा टाकत होती. श्वास आत ओढत ती म्हणाली, “ऑ... ऑ...”

“थांब, सांगू नकोस! ऑगस्टस!”

आकृतीने जोरजोरात मान हलवली. “ऑक्... ऑ...”

“ऑस्कर! नाही? मग ऑलिव्ह! अगं ऑलिव्ह, या वयात?” आणि त्याने त्या पोटावर प्रेमाने थाप मारली.

पोट ठणकन वाजलं.

“वा! आत किटली बांधलीय काय? लिओना, हिच्या पोटी किटली जन्माला येणार बघ!”

बुटकी आकृती हात हलवत सरळ आतल्या खोलीकडे निघाली. अँब्रोजने तिची कंबर धरली. “अहं! नाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. रीत म्हणजे रीत!” आणि तोंडानेच ताल धरत त्याने तिला चुलीभोवती एक गिरकी दिली. ती त्याच्या छातीवर बुक्के मारत होती. “अंगात जोर आहे पोरीच्या! बेकरीवाली ग्लॅडिस?”

आतून आवाज आला. श्वास आत ओढत बोललेला, तुटका.

“ही... सोंगं... नाहीत...”

अँब्रोज खदखदून हसला. “ऐकलंत? लिओनाही सोंगांच्या भाषेत बोलायला लागली! हिला म्हणतात बायको! बोल बोल, अजून बोल!”

“अँब्... रोज...”

“अगदी हुबेहूब! आता तूच ओळख बघू, ही पोटवाली कोण?”

उत्तर आलं नाही.

“लिओना?”

वारा छपरावरून धावत गेला. चुलीत लाकूड तडकलं. आतल्या खोलीतून काहीच आलं नाही. खोकला नाही, हसू नाही, श्वासाची ती घरघरही नाही, जी तिथे रोज असते आणि म्हणून कधी ऐकू येत नाही.

पोटवाल्या आकृतीने दोन्ही हातांनी तोंडावरचा रुमाल खसकन ओढला. रुमाल मिशीला गोठून चिकटला होता. अर्धी मिशी आणि मिशीखालची कातडी त्याच्याबरोबर गेली. रक्ताळलेल्या ओठांनी एल्ड्रेड बर्सी ओरडला, “अरे गाढवा, ऑक्सिजन!”

कोटाखालून सिलिंडर निघाला. गोठून त्याची चावी अडकू नये म्हणून त्याने तो पोटाशी धरून आणला होता. स्वतःचा रुमाल वाऱ्याने नेला, म्हणून बायकोचा बांधला होता. शेरीचा फोन येताच निघाली होती, पण स्नो-स्कूटर टेकडीखाली रुतली, म्हणून पाऊण तास दोघं घसरगाडी ओढत पायी आली होती. बुटकी आकृती म्हणजे दवाखान्याची परिचारिका मॅव्हिस. अँब्रोजच्या मिठीतून सुटून, तोंडावरची गोठलेली लोकर ओरबाडून ती एव्हाना आत पोचली होती.

“बॅटरी धर, काका! हात हलवू नकोस!”

अँब्रोजने बॅटरी धरली. उजेडात लिओनाचे ओठ दिसले. ते निळे होते, आणि हलत नव्हते.

“काकूंनी चावी अर्ध्याहून जास्त आवळलीय,” मॅव्हिस सिलिंडर बदलता बदलता म्हणाली. “केव्हापासून जपून वापरतायत कोण जाणे.”

अँब्रोजला एकही प्रार्थना आठवेना. एकाहत्तर वर्षं दर रविवारी म्हटलेली, आणि ऐन वेळी एक ओळ नाही! तो नुसता “देवा, देवा, देवा” म्हणत राहिला. माझ्या समजुतीप्रमाणे तेवढंही पुरतं.

चौथ्या मिनिटाला लिओनाची छाती वर आली.

तिला घोंगड्यांत गुंडाळून घसरगाडीवर घातलं. पुढे एल्ड्रेड, मागे मॅव्हिस आणि दोरी खांद्यावर घेऊन मधे अँब्रोज. दवाखान्यापर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. पाहायची छातीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. दवाखान्यातल्या दोन खाटांपैकी एकीवर लिओना होती, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. दुसऱ्या खाटेवर नाकापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या बांधलेला एक माणूस बसला होता. अँब्रोज टोपी हातात घेऊन आत आला आणि त्या माणसाला अदबीने म्हणाला, “नमस्कार. आपण कोण, लक्षात नाही आलं.”

पट्ट्यांमागून सुस्कारा आला. “स्किपर, वीस वर्षं मी सोंग घेऊन फिरतोय. दर वर्षी लोक पहिल्या मिनिटात ओळखतात, ‘एल्ड्रेड, केक खा आणि जा.’ काल पहिल्यांदा सोंग न घेता बाहेर पडलो, तर तू मला गरोदर ऑलिव्ह केलंस!”

“एल्ड्रेड, मी काय बोलू...”

“काही बोलू नकोस. डॉक्टर म्हणतात, नाकाचं टोक राहील की जाईल ते आठवड्याने कळेल.”

अँब्रोजने टोपी हातात दोनदा फिरवली आणि तो लिओनाच्या खाटेशी गेला. मॅव्हिसने बजावलं होतं, दोन दिवस एक शब्द बोलायचा नाही, छातीत तेवढी ताकदच नाही. पण लिओनाने एका बोटाने खूण केली. तो वाकला. अजून वाकला. तिने तोंडावरचा मुखवटा बाजूला सारला आणि श्वास आत ओढत, एकेक शब्द उचलत म्हणाली,

“चव्वेचाळीस... वर्षं... एका... उशीवर... आणि... तुला... माझा...”

श्वास संपला. मॅव्हिस धावत आली आणि तिने मुखवटा तोंडावर परत बसवला.

“बास, काकू! उरलेलं परवा.”

लिओनाने डोळे मिटले, पण कपाळावरची आठी तशीच ठेवली. अँब्रोज खुर्ची ओढून तिथेच बसला. चव्वेचाळीस वर्षांत बायको बोलायला लागली की तो खोपीत निघून जायचा. आज आयुष्यात पहिल्यांदा बोलणी खायला दोन दिवस आधीपासून येऊन बसला होता. आणि ती पुरीच्या पुरी खायला मिळू देत, मधला एक शब्दही गळू नये, एवढंच तो देवाकडे मागत राहिला.