बिघडणारी तांबडी, न बिघडणारी काळी

दत्ताराम शेटच्या दोन जुन्या लॉऱ्यांपैकी कुठली घ्यावी, हे ठरवायला रायबाने सहा दिवस लावले. तेवढ्या दिवसांत पायरवाडीत माणसं मुलगी बघून, मानपान ठरवून, मांडव घालूनसुद्धा मोकळी होतात. पण रायबाला घाई करून चालणार नव्हतं. बारा वर्षं तो मुंबईच्या गिरणीत होता आणि वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा घरी यायचा. आता त्याला घरीच राहायचं होतं. बायकोने, राहीबाईने, हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या होत्या. लॉरी चालली तर संसार, नाही चालली तर पुन्हा गिरणी. मुकादमाने त्याची जागा शिमग्यापर्यंत राखून ठेवली होती, त्यापुढे एक दिवस नाही.

दोन्ही लॉऱ्या एका वयाच्या, एका किमतीच्या. पुढे दोघांची बैठक, मागे फळ्यांचा उघडा हौदा. हौद्यात तांदळाची पोती, हिरड्याची पोती, कोंबड्यांची खुराडी आणि उरेल त्या जागेत माणसं. एक तांबडी, एक काळी. सकाळी पोलादपुराहून महाडला जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं, एवढंच त्यांचं जग. तांबडी सहदेव हाकायचा, काळी स्वतः शेट. पण शेटची कंबर धरली होती, म्हणून त्यांना एक गाडी काढून टाकायची होती.

"कोणतीही घे," शेट म्हणाले. "मला दोन्ही सारख्या. तीन-तीन दिवस बसून बघ आणि मग बोल."

रायबा बसला. तांबडी पहिल्याच दिवशी खैराच्या वाडीखाली बंद पडली. दुसऱ्या दिवशी तिथेच पडली आणि पुढे आंबेटेप गावाला पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशीही तेच. सहदेव सावकाश खाली उतरे, इंजिनाचं झाकण उघडी, बिडी पेटवी आणि म्हणे, "तापली." रायबा पुढच्या बैठकीवर बोटं मोडत बसे. रस्त्याकडेला कोण बसलंय, मागे हौद्यात काय चाललंय, हे बघायला त्याने एकदाही मान वळवली नाही. काळी मात्र तिन्ही दिवस अकरा मैल अशी गेली की वाटेत साधी शिंकली नाही.

आता यात विचार करण्यासारखं काय होतं? तुम्ही काळीच घेतली असतीत. रायबानेही काळीच घेतली.

वाडीच्या पायथ्याशी लॉरी उभी करून तो धापा टाकत घरी आला. राहीबाई अंगण सारवत होती.

"कंची आनली?" तिने विचारलं.

"काळी! येकदम भरवशाची. ती तांबडी मेली रोज बिघडते."

राहीबाईचा सारवणाचा हात जागच्या जागी थांबला. "ते ठावं हाय मला," ती म्हणाली आणि हंडा उचलून पाण्याला गेली. हंडा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलादपूरच्या नाक्यावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. रायबाने भोंगा वाजवला आणि छाती भरून ओरडला, "चला महाड, महाड! वाटेत कुटं थांबायची नाय! कुटं बिघडायची नाय!"

एकही माणूस हलला नाही. मागून तांबडी खडखडत आली, तशी सगळी माणसं पोत्यांसकट, पोरांसकट, कोंबड्यांसकट तिच्यात चढली. रायबाचा आ वासलेला तसाच राहिला.

त्याला वाटलं, लोकांना ऐकू गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी तो आणखी मोठ्याने ओरडला. तिसऱ्या दिवशी त्याने हौद्यात गवत पसरलं. चौथ्या दिवशी भाडं कमी केलं. आठ दिवसांत काळीत एकच माणूस बसला, तो एक गोसावी, आणि तोही फुकट. शिमगा तीन आठवड्यांवर आला. रायबाला स्वप्नात गिरणीचा भोंगा ऐकू यायला लागला.

शेवटी त्याने वाडीतल्या तुळसाला गाठलं. ही शेजारघरची सून, तांबडीची वाट बघत उभी होती.

"काय गो तुळसा, माज्या गाडीत काटे हायेत?"

"काटे नाय रे दादा."

"मंग? वास येतो?"

"नाय रे. तुजी गाडी लय चांगली हाय," तुळसा म्हणाली, आणि तिच्या मागच्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"अगो, मंग बसत का नाय?"

"चांगली हाय म्हनूनच," एवढं बोलून ती तांबडीत चढली.

रायबा थक्क! चांगली आहे म्हणून कोणी बसत नाही, असा धंदा त्याने मुंबईतसुद्धा पाहिला नव्हता. त्याने काळी नाक्यावर सोडली आणि तांबडीच्या हौद्यात पोत्यावर जाऊन बसला. बायकांनी एकमेकींना कोपर मारलं.

खैराची वाडी जवळ आली आणि रायबाने पुढे पाहिलं. रस्त्याकडेला करंजाखाली पाच-सहा म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर गाठोडं. गाडी बिघडायला अजून अर्धा फर्लांग होता आणि माणसं आधीच येऊन बसलेली! तांबडीने दोन आचके दिले आणि बरोबर त्यांच्यासमोर येऊन मेली.

"तापली," सहदेव म्हणाला.

हौद्यातून बायका भराभरा उतरल्या. कोणी आईच्या गळ्यात पडली, कोणी पोर आजीच्या हातात दिलं, कोणी डोळे पुसायला लागली. तेवढ्यात एक म्हातारी हौद्याजवळ आली, टाचा उंचावून आत डोकावली आणि जावयाला बघताच तिने झटकन पदर डोक्यावर घेतला. ती ठकूबाई, रायबाची सासू.

"मामी, तुमी हितं?" रायबाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"राही नाय आली?" ठकूबाई म्हणाली. हातात पानात बांधलेली घावनं होती. "दर बाजाराला यायाची वो. आता नाय येत. सांगून धाडलंन, आता घरची गाडी हाय, ती थांबत नाय."

रायबाला कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. लग्नात मानाचं लुगडं हलकं आलं म्हणून त्याच्या आईने, धोंडूबाईने, सुनेचं खैराच्या वाडीचं माहेर तोडलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली. राहीने कधी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आणि इकडे ती दर बाजाराला आईला भेटत होती! आणि ती भेट नवऱ्यानेच, तिच्याच पाटल्या मोडून, बंद पाडली होती.

त्याने सहदेवला बाजूला ओढलं. "ही बरोबर हितंच कशी तापते रे?"

सहदेवने इकडेतिकडे पाहिलं. "आदी खरंच तापायची. मंग गेल्या साली शेटनी नवी पान्याची टाकी बसवली. गाडी काय थांबंना. बायांची तोंडं बघवंनात रे. तवापासून मीच थांबवतो."

"म्हंजे ही बिघडलेली नाय?"

"ही? हिच्यासारखी गाडी कुलाबा जिल्ह्यात नाय!"

रायबा मटकन खाली बसला. सहा दिवस पारख करून त्याने शोधून काढलेला फरक हा एवढाच होता.

"अरे, पन थांब म्हनून सांगितलं तर मी पन थांबंन की!"

"आनि सांगनार कोन? जी सांगंल तिच्या सासूला सांजंपतूर कळंल. मोटार बिगडली तर सून काय करनार? त्यात तिचा काय दोस?" सहदेवने बिडी विझवली. "हे बघ. बैठकीखाली पेट्रोलचा कॉक हाय. तो बंद केलास की अर्दा फर्लांग जाते आनि मरते. अंदाज तेवढा बसव."

तुम्हाला वाटेल, गाडी बंद पाडणं काय अवघड! रायबाने रिकामी काळी घेऊन सराव केला. पहिल्यांदा ती नदीच्या मोरीवर मेली. दुसऱ्यांदा मसणवटीसमोर मेली, तेव्हा तिथे जमलेली माणसं धक्का द्यायला धावून आली. पण त्याचा एक फायदा झाला. काळीही बिघडायला लागली, ही बातमी सांजेपर्यंत पोलादपूरभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रायबाने भोंगा वाजवायच्या आत हौदा अर्धा भरला होता.

चार दिवस झकास गेले. राहीबाईला त्याने एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं, फक्त "बाजाराला चल" म्हणाला होता. ती "बगू" म्हणाली होती. पण बातमी धोंडूबाईच्याही कानावर गेली होती.

"लोकं म्हनतात, माज्या लेकाची मोटार रोज बिगडते," बाजाराच्या दिवशी पहाटे ती लुगडं सावरत उभी राहिली. "कशी बिगडते ते मी बगते. चल गो राही, तू पन चल."

रायबाच्या हातातली भाकरी ताटात पडली. धोंडूबाई जन्मात मोटारीत बसली नव्हती. महाडला जायचं तर ती पायी जायची, आणि वाटेतल्या बैलगाड्यांना मागे टाकायची. आज ती पुढच्या बैठकीवर, रायबाच्या शेजारी, दोन्ही हातांनी फळी धरून बसली. मागे हौदा गच्च. त्यात राहीबाई, तुळसा आणि वाडीचा नाथू. नाथू मुंबईच्या गिरणीत फिटर, रजा संपवून निघालेला, दासगाव बंदरात संध्याकाळच्या भरतीची लाँच धरायची म्हणून आतापासूनच उतावीळ.

लॉरी सुटली तशी रायबा पेचात पडला. खैराच्या वाडीखाली थांबावं, तर करंजाखाली ठकूबाई बसलेली, आणि आई शेजारी. न थांबावं, तर मागच्या सगळ्या बाया उद्या तांबडीत, आणि आपण शिमग्याला गिरणीत. त्याने मान वळवून मागे पाहिलं. राहीबाई पांढरी पडली होती, पण तिची नजर रस्त्याच्या वळणावर होती. रायबाने डोळे मिटले, खाली हात घातला आणि कॉक फिरवला.

काळीने आचके दिले आणि करंजासमोर येऊन मेली. अंदाज एका हाताचाही चुकला नव्हता.

"तापली," रायबा पुटपुटला.

"तापली कशी? थंड हाय की!" नाथूने हौद्यातून उडी मारली. कोणी धरायच्या आत त्याने झाकण उघडलं, नळी चाचपली, बैठकीखाली हात घातला आणि आनंदाने ओरडला, "अरे रायबा, कॉक बंद हाय! मोटारीला कायसुदिक झालेलं नाय! कोनीतरी मुद्दाम बंद केलाय!"

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. ठकूबाई गाठोडं घेऊन अर्धी उठली होती, ती तशीच वाकलेली राहिली. राहीबाईने हौद्याची फळी घट्ट धरली. रायबाला वाटलं, आता भुई दुभंगेल तर बरं होईल.

धोंडूबाई खाली उतरली. तिने कॉककडे पाहिलं. मग ठकूबाईकडे, गाठोड्याकडे, सुनेकडे, आणि सगळ्यात शेवटी लेकाकडे पाहिलं.

"नाथू," ती म्हणाली, "तू फिटर मुंबईला. हितं गप बस."

"पन मावशे, कॉक..."

"मोटार बिगडलीय म्हंजे बिगडलीय!" धोंडूबाई कडाडली. "राही, बसलीस काय? टाकीला पानी लागंल. जा तुज्या आयेसंगं वर, आनि घेऊन ये. धावत येऊ नको, सांडंल."

राहीबाई उतरली. सासूकडे न बघता ती आईचा हात धरून पायवाटेने वर गेली. धोंडूबाई पुन्हा बैठकीवर येऊन बसली.

"आंबेटेपाला बिगडते का रे तुजी?" तिने हळूच विचारलं.

"नाय आये. तांबडी बिगडते तितं."

"तुजी का नाय?"

"तितं तुजं कोन हाय?"

"माजा भाव." तिचा आवाज बारीक झाला. "तू रांगत व्हतास. तुज्या बापाचं नि त्याचं बैलावरनं वाजलं. बाप गेला तुजा, तरी तो बोलवत नाय, आनि बोलावल्याबिगर मी जायाची नाय." तिने लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला. "पन मोटारच मेली, तर मानसानं काय करायचं?"

अकरा वर्षं ज्या बाईला रायबा नुसती राहीची सासू समजत होता, तीही कोणाची तरी सासुरवाशीण होती!

आंबेटेपाला काळी जन्मात पहिल्यांदा बिघडली. अंदाज नव्हता, म्हणून वीस पावलं पुढे गेली. आंब्याखाली काठी टेकून बसलेला एक म्हातारा उठून लगालगा मागून चालत आला आणि हौद्यात डोकावला.

"ह्यो म्हातारा रोज येतो," तुळसा मागून म्हणाली. "तांबडीत बगतो, कोनाशी बोलत नाय, आनि परत जातो."

म्हातारा पुढे आला. बैठकीवर धोंडूबाई दिसली आणि त्याच्या हातातली काठी गळून पडली.

"मोटार बिगडली," धोंडूबाई रागाने म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बिगडनारच," म्हातारा म्हणाला. "रस्ताच तसा हाय. घरी चल, नीट होईस्तवर बस."

"किती येळ लागंल रे?" धोंडूबाईने लेकाला विचारलं.

रायबाने झाकण उघडून आत डोकं घातलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पण त्याला तोंड लपवायचं होतं. "लय मोठं काम हाय, आये. जेवूनच ये."

नाथू रस्त्याकडेच्या दगडावर डोकं धरून बसला होता. रायबा हात पुसत त्याच्याजवळ गेला.

"लाँच गावंल रे तुला, भरतीला येळ हाय. तेवढं मुंबईला गेलास की मुकादमाला सांग, माजी जागा दुसऱ्याला दे."

"का रे?" नाथूने दचकून वर पाहिलं.

"मी घरीच ऱ्हातो आता," रायबा म्हणाला. "माजी मोटार बिगडायला लागली."