घुबडांची चोख व्यवस्था

“माझ्या हद्दीत घुबडाच्या पिसालाही धक्का लागणार नाही!” नगरपालिकेच्या नगररचनाकार साहेबांनी भर सभेत टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला, पण मुद्दा गाजला. वाचनालयामागच्या जुन्या झाडाच्या ढोलीत घुबडांची जोडी राहत होती आणि बिल्डरला नेमकी तिथेच इमारत हवी होती. साहेबांनी परवानगी दिली, पण झाड ठेवून इमारत मागे सरकवायच्या अटीवर. बिल्डरने कपाळाला हात लावला आणि अट मान्य केली.

इथेच थांबले असते तर! पण साहेबांच्या अंगात उत्साह संचारला होता. त्यांनी झाडाखाली पाटी ठोकली: ‘येथे घुबडे राहतात. शांतता राखा.’ तोवर कुणाला पत्ताही नव्हता. आता शाळाच्या शाळा लोटल्या! गर्दी आवरायला कुंपण आलं. खांब रोवायला यंत्र आलं, ते दिवसभर घरघरत राहिलं. अंधारात लोक कुंपणाला अडखळू लागले, म्हणून मोठे दिवे लागले.

“अहो, रात्री जागणाऱ्या पाखराच्या तोंडावर दिवा?” बायकोने विचारलं.

“सुरक्षिततेचा प्रश्न आहे!”

“कुणाच्या?”

साहेबांनी वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

मग नगराध्यक्षांना उद्घाटनाची हौस आली. त्यांनी लाउडस्पीकरवरून शांततेचं महत्त्व सांगितलं, चांगलं तासभर! टाळ्यांच्या कडकडाटात ढोलीतून घुबडं निघाली आणि छपरांवरून दिसेनाशी झाली. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. पुन्हा टाळ्या!

घुबडं परतली नाहीत. साहेबांनी दिवे काढले, पाटी काढली. कचेरी सुटली की ते झाडाखाली मान वर करून उभे राहत. मनाला फार लागलं होतं त्यांच्या. बिल्डरने झाड तोडलं असतं, तर निदान खापर फोडायला त्याचं डोकं तरी होतं!

एके दुपारी तोच बिल्डर कचेरीत आला आणि दार लोटून हळूच म्हणाला, “साहेब, घुबडं सापडली. माझ्या एका गोदामाच्या माळ्यावर आहेत. पिल्लंसुद्धा झालीत.”

साहेब ताडकन उठले. “चला!”

बिल्डर जागचा हलला नाही. “एक विचारायचं होतं. हे नगरपालिकेला रीतसर कळवावं लागेल का हो?”

साहेब सावकाश खाली बसले. पिल्लं बघायला जीव नुसता तुटत होता.

“नका कळवू,” ते म्हणाले. “आणि गोदाम कुठलं, ते मलाही सांगू नका.”