घंटी, वाक्य, शेंगदाणा

“माणसांचं काय घेऊन बसलात! पोपट आणा, पोपट! दोन महिन्यांत त्याला ग्राहकाशी अदबीनं बोलायला शिकवलं नाही, तर नाव बदलेन!”

हे वाक्य उपदेशरावांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये, भरल्या तोंडानं आणि मोठे साहेब पाठीमागच्याच टेबलावर बसलेत याची नीट खात्री करून घेऊन टाकलं. नाव बदलायची तशी गरजच नव्हती म्हणा. त्यांचं खरं नाव ऑफिसात कोणाच्या लक्षातच नव्हतं. नव्या भरतीच्या पोरांनी पाठीमागे ठेवलेलं ‘उपदेशराव’ हेच सगळीकडे चालायचं.

आता या गृहस्थाचं ऑफिसातलं काम काय? तर समोर ग्राहक आला की काय बोलायचं, ते नव्या पोरापोरींना शिकवणं. वाक्य एकच. “या, स्वागत आहे! बोला, काय सेवा करू?” म्हणताना छातीवर हात ठेवायचा आणि कमरेत किंचित वाकायचं. बस्स! एवढ्याशा वाक्यावर हा माणूस दिवसभर बोलायचा! एखाद्या पोरानं धीर करून ते म्हणून बघायला तोंड उघडलं, की हे लगेच, “मी बोलतोय ना!” पोरगं गप्प. संध्याकाळपर्यंत ते वाक्य उपदेशरावांनी शंभरदा म्हटलेलं असायचं आणि शिकणाऱ्यांनी एकदाही नाही. याला ते प्रशिक्षण म्हणत.

त्यातच प्रशिक्षण विभागाचे प्रमुख निवृत्त होत होते. त्यांची केबिन रिकामी होणार होती. काचेचं दार, मोठी खिडकी, फिरती खुर्ची आणि दारावर नावाची पाटी! त्या केबिनवर उपदेशरावांचा कैक वर्षांचा डोळा. येता-जाता आत डोकावून ते खुर्चीकडे असं बघायचे, की खुर्चीलाच लाज वाटावी.

मोठे साहेब चहाचा कप घेऊन वळले. “पोपट? वा! शिकवा की. दोन महिन्यांनी रविवारी चहाला येतो. तुमचा पोपट बोलला, तर केबिन तुमची!”

साहेब थट्टेनं म्हणाले की खरंच, हे कोणालाच कळलं नाही. उपदेशरावांनी मात्र त्याच संध्याकाळी पक्ष्यांचं दुकान गाठलं. एक राखाडी, लाल शेपटीचा पोपट पसंत केला.

“साहेब, याला खायला काय द्यायचं, ते—” दुकानदार सांगू लागला.

“मी बोलतोय ना!” उपदेशराव म्हणाले आणि त्यांनी दुकानदाराला पोपट कसे विकावेत यावर अर्धा तास ऐकवलं. पोपट काय खातो हे न विचारताच ते पिंजरा घेऊन घरी आले.

दार बायकोनं उघडलं. तिनं आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “अहो, हे कोण सांभाळणार?”

“मी! मी याला घडवणार आहे!”

“घडवा हो. पिंजरा कोण धुणार, ते विचारतेय.”

 या प्रश्नाचं उत्तर पुढच्या आठवड्यात आपोआप मिळालं. पिंजऱ्यातला घाण कागद रोज बदलायची बायको. दुकानदाराला फोन करून, सूर्यफुलाच्या बिया थोड्याच, सफरचंदातल्या बिया काढून टाकायच्या, पाणी दिवसातून दोनदा, हे विचारून घेतलं बायकोनं. त्याच्या अंगावर पाण्याचा हलका फवारा मारायची बायको, आणि संध्याकाळी पिंजऱ्यावर चादर टाकायच्या सासूबाई. या सासूबाई म्हणजे बायकोच्या आई. हॉलमधल्या कोचावर बसून त्या भाजी निवडायच्या आणि जावयाकडे बघत बसायच्या. टीव्हीपेक्षा बरं, म्हणायच्या. उपदेशराव पिंजऱ्याला बोटही लावत नसत. गुरूनं घाणीत हात घालायचा नसतो, असं त्यांचं शास्त्र होतं.

त्यांनी ऑफिसातली जुनी पितळी टेबलघंटी घरी आणली. शिपायाला बोलवायला वरून दाबायची असते ना, ती! पद्धत त्यांची स्वतःची होती. “घंटी, वाक्य, शेंगदाणा!” ते सासूबाईंना समजावून सांगत होते. “घंटी म्हणजे ग्राहक आला. मग पोपटानं वाक्य म्हणायचं. मग बक्षीस!”

टिंग! पोपटानं मान तिरकी केली. आता एखाद्यानं काय केलं असतं? जरा थांबला असता. पण गप्प बसायचं म्हणजे उपदेशरावांच्या जिवावर यायचं! निमिषभर शांतता झाली, तोच हे छातीवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, “या, स्वागत आहे! बोला, काय सेवा करू?” वर पिंजऱ्यात शेंगदाणाही सरकवला.

“अहो, पण तो कुठे बोलला? दाणा कशाबद्दल?” बायकोनं विचारलं.

“प्रोत्साहन! तुला नाही कळायचं.”

खरंच नाही कळलं तिला. पण पोपटाला झकास कळलं. घंटी वाजली की हा मनुष्य वाकतो, ओरडतो आणि दाणा देतो. आपण काहीच करायचं नसतं! असली नोकरी कोणाला नको असेल? रोज सकाळ-संध्याकाळ हा वर्ग भरायचा. घसा उपदेशरावांचा सुकायचा आणि पोट पोपटाचं वाढायचं.

महिनाभरात भानगड सुरू झाली. उपदेशराव बाथरूममध्ये दाढी करत होते. हॉलमधून आवाज आला, टिंग! हे तसेच गालावर फेस घेऊन धावले, वाकले, वाक्य म्हणाले, दाणा दिला आणि मग भानावर आले.

“घंटी कोणी वाजवली? सासूबाई, हे खेळणं नव्हे!”

“अहो जावईबापू, मी कशाला हात लावू? तो पोप—”

“मी बोलतोय ना! चुकून वाजलेल्या घंटीमागून वाक्य आलं नाही, तर शिकणाऱ्याच्या मनात गोंधळ होतो! कळतंय का?”

सासूबाई पुन्हा भाजी निवडू लागल्या. बायकोनं दोनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा “अहो, तो पोपटच—” पर्यंत पोचली आणि एकदा नुसतीच “अहो” पर्यंत. दोन्ही वेळा, “मी बोलतोय ना!” शेवटी तीही म्हणाली, मरू दे, बोला. उपदेशरावांनी घंटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यात अडकवली. वर्गापुरती घंटी बाहेर यायची, की परत आत. आणि तरीही! हे जेवायला बसले की, टिंग! वर्तमानपत्र उघडलं की, टिंग! प्रत्येक वेळी हे उठायचे, हॉलमध्ये जायचे, वाकायचे, दाणा द्यायचे आणि रिकाम्या हॉलमध्ये चोर शोधायचे. पोपट दाणा कुरतडत त्यांच्याकडे बघत असायचा. हे समोर असले की त्याला घंटीचा आवाज काढायची गरजच पडत नसे. समोर नसले तरच बोलवावं लागे ना!

खिशात सतत दाणे असायला हवेत म्हणून उपदेशरावांच्या सगळ्या विजारींचे खिसे दाण्यांच्या फोलपटांनी भरले. बायको धुताना झटकायची आणि काय काय पुटपुटायची.

“माझ्या कानात काहीतरी वाजतंय,” एक दिवस ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. बायको त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन्ही कानांत बॅटरी मारून बघितलं. “कान ठणठणीत आहेत. काही झालेलं नाही,” असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलवायला टेबलावरची घंटी दाबली.

टिंग!

उपदेशराव खुर्चीवरून उठले. छातीवर हात! कमरेत वाकणं! “या, स्वागत आहे! बोला, काय सेवा करू?” आणि खिशातून एक शेंगदाणा काढून त्यांनी डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला.

डॉक्टरांनी दाण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. “हे कधीपासून?” त्यांनी हळूच विचारलं.

“लग्नापासून बोलतात,” बायको म्हणाली. “दाणे द्यायला आत्ताच लागलेत.”

रविवार उजाडला. खरं सांगायचं तर बायकोलाही ती केबिन हवीच होती. हे तिथे दार लावून दिवसभर बोलले, तर संध्याकाळी तरी घशाला कोरड पडून घरी गप्प बसतील, एवढीच त्या बिचारीची आशा! म्हणून तिनं पिंजरा घासून लख्ख केला, दांडी धुतली, पोपटाला आंघोळ घातली. पण तो अजून एकदाही बोललेला नव्हता. “आज बोलेल,” उपदेशराव सकाळपासून म्हणत होते. “आज मीच गप्प राहणार. त्याला बोलावंच लागेल.”

दोन महिन्यांत पहिल्यांदा सुचलेली शहाणपणाची गोष्ट, आणि तीही परीक्षेच्या दिवशी!

साहेब आले, चहा झाला. पद्धतीवर तासभर व्याख्यानही झालं. साहेब दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाले, “आता पोपट दाखवा.”

उपदेशरावांनी घंटी दाबली. टिंग!

आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पोपटानं वाट पाहिली. हे गप्प. पोपटानं मान डावीकडे केली, मग उजवीकडे. वाकणं नाही, ओरडणं नाही, दाणा नाही! हे काय बिघडलं? उपदेशरावांचा चेहरा लाल व्हायला लागला, गळ्याच्या शिरा फुगल्या.

मग पोपट दांडीवर पुढे सरकला, त्यानं चोच उघडली आणि अगदी खणखणीत आवाज काढला.

“टिंग!”

“या, स्वागत आहे! बोला, काय सेवा करू?” उपदेशराव वाकले, दाणा पुढे!

पोपटानं दाणा घेतला. साहेब खुर्चीतच पुढे झुकले.

“टिंग!”

“या, स्वागत आहे! बोला, काय सेवा करू?”

“टिंग! टिंग!”

वाकून वाकून उपदेशरावांच्या कपाळावर घाम आला. थांबायचं म्हटलं तरी कंबर ऐकेना! पोपटाचं पोट तर कधीच भरलं होतं. तो दाणे आता खाली टाकत होता, निव्वळ गंमत म्हणून. कोचावर सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला होता आणि त्या गदागदा हलत होत्या.

“मी एकदा करून बघू?” साहेबांनी कुतूहलानं विचारलं आणि टेबलावरची घंटी दाबली. स्वागत झालं. दाणा साहेबांच्या हातात आला. त्यांनी तो तोंडात टाकला, नीट चावला.

“हे शिकवायला किती दिवस लागले?”

“दोन महिने, साहेब,” उपदेशराव धापा टाकत म्हणाले.

“फक्त दोन महिने!” साहेब पिंजऱ्यापाशी गेले आणि खूप आदरानं पोपटाकडे बघत राहिले. “कमाल आहे हो या पोपटाची!”

केबिन दुसऱ्याच कोणाला तरी मिळाली. पण साहेब कदर करणारे होते. गुण वाया जाऊ देणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपदेशरावांना बोलावून घेतलं. “इतकं स्पष्ट वाक्य, इतकं नेमकं वाकणं, तेही दरवेळी सारखंच! अशा माणसाला आत कोंडून कसं चालेल?” असं म्हणून त्यांची नेमणूक केली मुख्य दारासमोरच्या काउंटरवर. काउंटरवर एक नवी कोरी घंटी होती. येणारा प्रत्येक जण ती दाबायचा. आणि ज्या पोरांना या माणसानं कधी तोंड उघडू दिलं नव्हतं, ती पोरं कारण नसताना चार-चारदा तिथून जायची आणि जाताना घंटी दाबायची.

काउंटरवरच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी उपदेशराव घरी आले ते कंबर धरूनच. बूट न काढता पिंजऱ्यासमोर बसले. पोपट त्यांच्याकडे बघत होता, हे पोपटाकडे. असली शांतता त्या घरानं कधी ऐकलीच नव्हती. बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. केबिन गेली ती गेली, पण घरात शांतता तरी आली, असं तिला वाटलं. तिचा जीव जरा हलका झाला.

पण स्वभाव का कुठे जातो? पाणी पिऊन होताच उपदेशरावांनी घसा साफ केला. बोट वर केलं. “याचं असं आहे, की मुळात चूक झाली ती—”

“मी बोलतोय ना!”

उपदेशरावांचं बोट हवेतच राहिलं. आवाज हुबेहूब त्यांचाच होता, तोच खेकसण्याचा सूर. पण तो आला होता पिंजऱ्यातून!

ते गप्प झाले. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, नुसतं उघडलं.

“मी बोलतोय ना!”

तोंड मिटलं.

बायको पिंजऱ्यापाशी आली. नवऱ्याच्या खिशात हात घालून तिनं एक शेंगदाणा काढला, सोलला आणि पोपटाला दिला.

“अजून एक दे गं,” कोचावरून सासूबाई म्हणाल्या.