गेटला चिकटलेले तिघे

काळाचौकीतल्या टॉवरच्या लोखंडी गेटला तीन शास्त्रज्ञांनी सकाळी आपापला उजवा तळहात ग्लूने चिकटवला. पार्किंग वाढवण्यासाठी सोसायटी आवारातला जुना रेन ट्री तोडणार होती. झाड कापणाऱ्यांचा ट्रक आत जाऊ द्यायचा नाही, एवढाच कायदेभंग होता.

तयारी चोख होती. डॉ. वैदेहीने ग्लू किती ताण सोसेल याचं गणित केलं होतं. सम्यकने फलक रंगवला होता. निवृत्त गंगाधर सरांना मात्र ‘पृथ्वी वाचवा’ मान्य नव्हतं. "पुरावा तेवढा ठाम नाही," असं म्हणून त्यांनी ‘पृथ्वी बहुधा वाचू शकेल’ असं लिहायला लावलं होतं.

पहिल्या गाडीचा हॉर्न वाजला. वॉचमन दगडूने बटण दाबलं. गेट डावीकडे सरकू लागलं आणि खेकड्यांसारखे तिरके चालत तिघेही.

"थांबवा! आंदोलन चालू आहे!" वैदेही ओरडली.

"करा ना मॅडम, मी कुठे नाय बोलतो? फक्त पाय सांभाळा, खाली रूळ आहे."

"हे सरकतं?" सम्यकने विचारलं.

"आपण फोटोवरून अभ्यास केला होता," गंगाधर सर म्हणाले. "फोटोत ते बंद होतं."

पुढच्या गाड्यांना तिघांनी पाय रोवून अडवायचा प्रयत्न केला. मोटर गुरगुरली, तिच्यातून धूर निघाला आणि ती बंद पडली. गेट बंदच राहिलं. वैदेहीचा चेहरा उजळला. आता ट्रक येऊ दे!

आधी आवारातून टॅक्सी आली. तिच्यात सोसायटीतल्या लक्ष्मीआजी. "गो बाय, माका डायलिसिसाक जावचा आसा. वायच सरकशात?"

तिघांनी गेट ढकलून उघडलं.

मागोमाग कमिटीवाल्या हितेंद्रची लांबलचक गाडी. "आजीला सोडलं, मग मला का नाय? हे सायन्स आहे का?"

"आजी आजारी आहेत!" वैदेही म्हणाली.

"तुमच्या फलकावर आजाराचं काय लिवलंय?"

गंगाधर सर विचारात पडले. "मुद्दा बरोबर आहे. निकष सगळ्यांना एकच हवा."

"सर, प्लीज!"

पण सरांनी ढकललं. सम्यक त्यांचाच विद्यार्थी, त्यानेही ढकललं. मग शाळेची व्हॅन, कुरियरवाला, पिझ्झावाला. दगडू खुर्चीत बसून चहा पीत नुसता हात दाखवू लागला.

शेवटी ट्रक आला. मागे करवती, दोरखंड.

"हा नाही! याच्यासाठीच आलोय आपण!" वैदेहीने टाचा रोवल्या.

"निकष मध्येच बदलता येत नाही, वैदेही," सर हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. सम्यकने डोळे मिटून जोर लावला. दोघांच्या जोरापुढे ती फरफटत गेली.

ट्रक आत शिरला. करवत सुरू झाली.

"मॅडम, आता ओढून घ्या गेट," दगडू कप ठेवत म्हणाला. "सेक्रेटरी बोललेत, आज आंदोलनवाले येणारेत. एक पण आत घुसता कामा नये."

तिघांनी गेट बंद केलं.