सरासरी माणसाची जाडी

गोळी माणसाच्या आतच थांबली पाहिजे, हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण आहे. बाहेर पडलेली गोळी मागच्या माणसाला लागते, आणि मागच्या माणसाची परवानगी कोणी घेतलेली नसते.

नवं काडतूस या बाबतीत जरा उतावळं निघालं. पिस्तुलाचंच होतं, पण गोळी हलकी आणि वेग अफाट. कारखान्याच्या चाचणी खात्यात ते आलं जेलीभाऊंकडे. जेलीचा ठोकळा थापायचा, त्यात गोळी झाडायची, मग ठोकळा कापून गोळी किती खोल गेली ते मोजायचं, हे त्यांचं काम. नियमात या ठोकळ्याला ‘सरासरी माणूस’ म्हणतात (पगार, रजा आणि मत नसल्याने तो सर्व साहेबांचा लाडका).

पहिलीच गोळी सरासरी माणसातून आरपार गेली, वाळूच्या पोत्यातून गेली, भिंतीतून गेली आणि पलीकडे हिशेब खात्यात एका खुर्चीच्या पाठीत रुतली. खुर्ची जेलीभाऊंच्या बायकोची होती. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली.

“अहो, घरी भांडण झालं तर तोंडाने बोलत जा की!” ती दारात येऊन ओरडली. सही करणार नाही, असं जेलीभाऊंनी साहेबांना तोंडावर सांगितलं, आणि त्यांच्या सहीशिवाय एकही पेटी बाहेर जात नसे.

समिती बसली. वेग कमी करणं अशक्य होतं, कारण जाहिरात छापून झाली होती. भिंत जाड करणं बांधकाम खात्याकडे होतं, आणि ते खातं फोन उचलत नाही. उरला सरासरी माणूस. समितीच्या नऊही सदस्यांची पोटं मोजण्यात आली (जेवणानंतर, म्हणजे माप भरघोस येतं) आणि त्यावरून नवा ठोकळा थापला. दहापैकी नऊ गोळ्या आत थांबल्या. दहावी पुन्हा भिंतीपलीकडे गेली, पण ती सरासरीत बसेना, म्हणून मोजली नाही.

“साहेब, ठोकळा जाड झालाय, माणसं नाही,” जेलीभाऊ म्हणाले.

“ते राहू द्या हो. तुमची नेमकी अडचण काय?”

“भिंतीपलीकडे माझी बायको बसते.”

“अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!”

त्याच दुपारी तिचं टेबल वरच्या मजल्यावर गेलं. खिडकीजवळ, पंख्याखाली. जेलीभाऊंनी जाऊन स्वतः पंखा लावून पाहिला, मन शांत झालं, आणि खाली येऊन सही केली. काडतूस आता सगळीकडे मिळतं.

ती वर गेली हे वाचून तुम्हालाही हायसं वाटलं असेल. खाली तिच्या जागेवर आता कोण बसतं, हे समितीत कोणी विचारलं नव्हतं. तुम्हीही विचारलं नाहीत. समितीत दहाव्या सदस्याची जागा तुमच्यासाठी रिकामीच आहे, जेवून या.