हेही शेवाळ, तेही शेवाळ!

शेवाळ ओळखायला अक्कल लागते असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी पोट धरून हसलो असतो. हिरवं असतं, बुळबुळीत असतं आणि त्यावर पाय पडला की माणूस थेट आडवा होतो. झाली ओळख! अहो, सत्तावीस वर्षं मी कचेरीत जुन्या फायली सांभाळतोय. नुसत्या वासावरून फाईल कुठल्या सालची ते सांगतो. तिथे शेवाळाची काय बिशाद!

हे सगळं मी ताईलाही ऐकवलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आई गेली तेव्हा ती सोळाची होती आणि मी आठ वर्षांचा. माझे डबे, माझे पाढे, माझ्या परीक्षा यांत तिची डॉक्टरेट मागे पडली ती पडलीच. आता कुठे, निवृत्ती तोंडावर आल्यावर, तिने ती मनावर घेतली होती. विषय असा, की सार्वजनिक बागेतल्या तळ्यात वर्षभर कोणकोणती शेवाळं आणि पाणवनस्पती उगवतात. दर महिन्याला पाच ठरलेल्या जागा, पाच बाटल्या, मग घरी बसून तपासणी. अकरा महिने झाले होते. बारावा झाला की प्रबंध पुरा आणि निवृत्तीच्या आधी पदवी हातात! आणि नेमकी बाराव्या महिन्यात ताई जिन्यावरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये!

"मी जातो की!" मी म्हणालो.

"तू फक्त बाटल्या भरून आण. ओळखायच्या भानगडीत पडू नकोस."

"पण समज, ओळखावंसं वाटलंच तर?"

ताईने उसासा टाकला. "हे बघ. हातातून सुळकन निसटलं, ना मूळ ना पान, तर ते शेवाळ. पाण्यावर टिकलीएवढी पानं तरंगतात, खाली केसाएवढं मूळ असतं. ते शेवाळ वाटतं, पण ती वनस्पती. आणि एक अगदी झुडपासारखं दिसतं, पण चुरगळलं की लसणासारखा वास येतो. ते मात्र शेवाळच."

"म्हणजे शंका आली की वास घ्यायचा. हे तर माझंच खातं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर ताईची टोपी, गळ्यात भिंग आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट अशा थाटात मी तळ्यात उतरलो. बागेतला माळी नवीनच लागलेला होता. तो धावत आला.

"साहेब, वरून आलात का?"

ताईचं घर टेकाडावर, बाग खाली. मी म्हणालो, "हो, वरूनच आलो."

माळी ताठ उभा राहिला. "बरं झालं साहेब! वरून हुकूम आलाय, शेवाळ काढा आणि झाडं ठेवा. आता मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही नुसतं बोट दाखवा, मी काढतो."

इथे मी "अहो, तो मी नव्हे" एवढं म्हणायला हवं होतं. अवघे चार शब्द! पण सत्तावीस वर्षांत माझ्या बोटाला कोणी इतका मान दिला नव्हता. कचेरीत तर पंखा बंद करा म्हटलं तरी लोक आधी दुसऱ्याला विचारतात.

मी एक लांबलचक देठ उपटला, चुरगळला आणि हुंगला. लसूण!

"शेवाळ!" मी जाहीर केलं.

दुसरं हुंगलं. लसूण! "शेवाळ!" तिसरं, चौथं... सगळीकडे लसूणच लसूण!

"साहेब, याला तर फूल आलंय."

"फसवतात हो ती! हा घ्या वास," म्हणत मी बोटंच त्याच्या नाकाखाली धरली.

"आयला, खरंच की!" माळी थक्क झाला.

"कमळ तेवढं ठेवा," असं उदारपणे सांगून मी बाटल्या भरल्या आणि निघालो.

वाटेत बाटल्यांकडे पाहिलं तर आत गढूळ, हिरवट पाणी! आजारी बहिणीला असलं द्यायचं? बागेच्या नळावर पाचही बाटल्या रिकाम्या केल्या, देठ-पानं चोळून धुतली आणि स्वच्छ पाणी भरलं.

ताईने बाटली उजेडात धरली. "तळ्याचं पाणी कुठाय?"

"ओतलं. फार घाण होतं गं."

"अरे, त्या घाणीवरच तर मी प्रबंध लिहितेय!"

मग तिने डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "असू दे. तळं कुठे पळून जात नाही. उद्या पुन्हा जा."

दुसऱ्या दिवशी गेलो तर तळं पळून गेलं होतं! म्हणजे खड्डा होता, पाणी होतं, मध्ये कमळ होतं. बाकी सगळं नव्या बेसिनसारखं चकाचक.

"साहेब, चौघे जण दिवसभर खपलो!" माळी आनंदाने सांगत होता. "पंप लावून पाणीसुद्धा बदललं. कचऱ्याची गाडी सकाळीच गेली."

आणि तेव्हा आठवलं, की आदल्या दिवशी घरातून निघताना बायकोने माझ्याकडून वाटीभर लसूण सोलून घेतला होता. वास तळ्याला नव्हताच, माझ्या बोटांना होता!

निदान तेव्हा तरी ताईला खरं सांगायचं! पण मी काय सांगितलं? "वरून कोणी अधिकारी आला होता म्हणे. त्याने सगळं काढायला लावलं."

भिंतीवर ताईचा मोठा तक्ता होता, अकरा रकाने बारीक अक्षरांनी भरलेले आणि शेवटचा कोरा. त्याकडे ती इतका वेळ बघत राहिली की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कागद घे," ती म्हणाली. "तक्रार अर्ज लिही. तुझं अक्षर कचेरीचं आहे."

मी पेन उघडलं आणि ताई सांगू लागली.

"सदर अज्ञात इसमाने, विषयाची काडीची माहिती नसताना..."

"नसताना. पुढे?"

"...केवळ मिरवण्याच्या हौसेपोटी..."

"हौसेपोटी... ताई, जरा कडक नाही का होत?"

"लिही! ...एकोणचाळीस प्रकारच्या वनस्पती व शेवाळांचा एका दिवसात नायनाट केला. पूर्णविराम. सदर इसमास लहानपणापासून मीच वाढवले असल्याने, थोडा दोष माझ्याकडेही येतो."

माझं पेन थांबलं. "तुला... कसं कळलं?"

"शेवाळ मी अकरा महिने ओळखतेय," ताई म्हणाली. "तुला पन्नास वर्षं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझी एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली, अर्जाची घडी घातली आणि पुस्तकात ठेवून दिली. तो कुठेच गेला नाही.

गेल्या महिन्यात ताई निवृत्त झाली. निरोप समारंभात प्राचार्यांनी चुकून तिला 'डॉक्टर' म्हटलं. तिने हसत उभं राहून ती चूक दुरुस्त केली आणि मी मागच्या रांगेत बुटांकडे बघत बसलो. खरं सांगतो, आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तळं आता पुन्हा हिरवं होतंय. ताईने पहिल्या महिन्यापासून नव्याने सुरुवात केलीय. बाटल्या मी धरतो, माझ्याकडे काम तेवढंच. काल काठावर एक बेडूक दिसला. तोही मी ताईला विचारूनच ओळखला.