दिघ्यांचं सगळं कव्हर्ड

आमच्या शेजारचे दिघे, कुणी शिंकलं तरी आधी विचारतात, "हे कव्हर्ड आहे का?"

मुलांनो, हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मूलबाळ नाही. बायको गेल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी गिअरची सायकल घेतली. आधी गावातल्या गावात, नानाखेड्याहून रामघाटापर्यंत जायचे, मग जिथे रस्ताच नाही अशा डोंगरांत जायला लागले. गेल्या वर्षी किर्गिझस्तानला निघाले. सोबत उपग्रहाशी बोलणारी एक डबी. मोबाइलला रेंज नसली तरी तिचं लाल बटण दाबलं की बचाव केंद्राला कळतं, हेलिकॉप्टर येतं आणि खर्च विमा कंपनी देते.

"ताई, टेन्शन नका घेऊ. अपना सब कव्हर्ड है."

"आणि पडलात तर?"

"पडणं तर खास कव्हर्ड आहे. न पडलो तर हप्ता वाया!"

घरचा संपर्क म्हणून त्यांनी माझा नंबर दिला. कारण माझं इंग्रजी. मी फुगले. पॉलिसीची चौदा छापील पानं वाचली, तीन स्वल्पविराम दुरुस्त केले, फायलीवर लेबल लावलं. दिघ्यांनी हातानं भरलेलं शेवटचं पान तेवढं वाचलं नाही. त्यांचं अक्षर मला बघवत नाही. आणि कागद पुरता वाचल्याशिवाय खाली ठेवू नये, हे तुम्हाला वर्गात सांगणारी मीच.

एका दुपारी भेंडी चिरत होते, तेवढ्यात फोन वाजला. बचाव केंद्रातली बाई इंग्रजीत विचारत होती, "आपण मिस्टर दिघ्यांच्या थोरल्या बहीण ना?"

मी माझ्या उत्तम उच्चारांत म्हटलं, "नाही. मी शेजारीण. त्यांना बहीण नाही."

"माफ करा. आम्हाला त्यांच्या बहिणीशीच बोलायचं आहे." फोन बंद.

खरं बोलण्याचा मला जन्मभर अभिमान. त्या दिवशी खरं बोलून मी फोन घालवला. मग उठून फाईल काढली. शेवटचं पान. संपर्क: माझं नाव. नातं: भावंड (थोरली बहीण). त्याखाली, औषधाची ॲलर्जी: काही नाही.

काही नाही? याच माणसाला पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर चेहरा भोपळ्याएवढा झाला म्हणून मी ऑटोत घालून इस्पितळात नेलं होतं! खरं लिहिलं तर कव्हर मिळणार नाही, ही त्यांची अक्कल. आणि आता ते कुठल्या तरी डोंगरात पडलेले. डॉक्टर कोणती सुई टोचतील कोण जाणे.

चिकट बोटांनी मी नंबर फिरवला. "मी बहीण बोलतेय."

"पण मघाशी आपणच..."

"मघाशी आमचं भांडण होतं. आता मिटलं. लिहून घ्या: पेनिसिलिन अजिबात द्यायचं नाही!"

एवढ्या बोलण्यात इंग्रजी व्याकरणाच्या माझ्या दोन चुका झाल्या. तीस वर्षं व्याकरण शिकवलं, त्यामुळे मोजल्या गेल्या. पण बाईनं ऐकलं, आणि निघालेल्या पथकाला लगेच कळवलं.

दिघे पंधरा दिवसांनी पायाला प्लास्टर घालून परतले. सकाळी मी पोहे घेऊन गेले.

"बहीण लिहिण्याआधी विचारायचं तरी!"

"ताई, क्या बताऊँ, तिथे ऑप्शनच तीन होते. पती-पत्नी, अपत्य, भावंड." दिघे पोह्यांवरची शेव चमच्यानं एका बाजूला लोटत राहिले. "शेजारी नव्हतंच. पहिल्या दोन ऑप्शनकडे बराच वेळ बघत बसलो. मग म्हटलं, ताई ओरडतील खूप, पण फोन उचलतील."

ओरडायचे मुद्दे मी घरून क्रमवार लिहूनच नेले होते. ती चिठ्ठी मुठीत चुरगळली आणि म्हटलं, "खा आधी. गार होताहेत."